कप्प्यातलं आयोडीन

चिमटेबाईंचं खरं नाव त्यांच्या खोलीच्या दारावर लिहिलेलं होतं, पण दारावरच्या पाट्या वाचतं कोण? सगळ्या संस्थेत त्या चिमटेबाईच. कारण त्यांचा चिमटा. बारीक टोकाचा, जुना, पोलादी, वडिलांचा. वडील घड्याळजी होते. त्यांनी ज्या चिमट्याने घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या, तो बाईंनी प्रयोगशाळेत आणला आणि दुसऱ्या कुणाला त्याला बोट लावू दिलं नाही. दुसरं कारण बाईंची जीभ. कुणी काम अर्धवट सोडलं की त्या असा चिमटा काढायच्या, की माणूस दोन दिवस चोळत बसायचा.

काम काय, तर प्रथिनांचे स्फटिक वाढवायचे. मिठाचे, साखरेचे खडे आपण सगळ्यांनीच पाहिलेत, पण प्रथिनाचा स्फटिक म्हणजे भलतंच नखरेल प्रकरण. प्रथिनाचा एक थेंब काचेच्या चकतीला खालून टांगायचा, आणि वाट बघायची. बहुतेक थेंबांत नुसता गाळ धरतो. एखाद्या थेंबाला लहर आली तर धुळीच्या कणाएवढा स्फटिक वाढतो. मग चिमट्याने ती काच उचलून उलटी करायची, सूक्ष्मदर्शकाखाली नायलॉनच्या इवल्याशा फासात स्फटिक पकडायचा, आणि तो सुकायच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. पुढे त्याच्यावर क्ष-किरण सोडतात. किरण विखुरतात, त्या विखुरण्यावरून संगणक ढगांसारखा एक नकाशा काढतो, आणि त्या ढगांत एकेक अणू बसवत प्रथिनाचा आकार उभा करायचा.

इथे बाईंचा एक नियम होता आणि तो साऱ्या संस्थेला पाठ होता: ढग असेल तिथेच अणू. माणसाला जे हवं असतं ते त्याला ढगात दिसतं. लहानपणी आपल्याला आभाळात हत्ती दिसायचे तसंच. एकदा खुद्द सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, एका विरळ धुरकट पट्ट्यात प्रथिनाला चिकटलेलं, त्यांना हवं असलेलं औषध दिसायला लागलं. सर मोठे गोड माणूस, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. बाई म्हणाल्या, "सर, तिथे काहीही नाही. तुमची इच्छा आहे फक्त. तिचे क्ष-किरण घेता येत नाहीत." सर दोन दिवस गाल फुगवून बसले, आणि मग त्यांनी ते औषध नकाशातून काढून टाकलं.

बाईंनी जिच्यासाठी अर्धं आयुष्य वेचलं ती एक जोडी होती. आपल्या गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते. ती जे हॉर्मोन सोडते ते रक्तातून फिरत फिरत पेशीत शिरतं, आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं. तिथे डीएनएच्या धाग्यावर दोन प्रथिनं एकमेकांना बिलगून बसलेली असतात. एकाच्या पोटात एक कप्पा असतो, बरोबर त्या हॉर्मोनच्या मापाचा. हॉर्मोन नसतं तेव्हा ही जोडी हाताखालच्या जनुकाला गप्प बसवते. हॉर्मोन आलं की ते कप्प्यात शिरतं, प्रथिनाचं शेपूट वळून कप्प्याचं दार लावून घेतं, आणि त्या बंद दारावर मदतनीस प्रथिनं येऊन बसतात. झालं, जनुक कामाला लागतं. हृदय जोरात चालतं, अंग तापतं, खाल्लेलं भराभर जळतं. आणि शेजारचा जोडीदार? त्यालाही स्वतःचा कप्पा असतो, पण या घरात तो बहुतेक गप्पच असतो असं म्हणतात. बाईंना एवढंच बघायचं होतं, की एकाच्या पोटात हॉर्मोन गेलं तर त्या गप्प बसलेल्याच्या अंगात काही हलतं का. आता यावरून कुणी लगेच संसाराचे दाखले देऊ नयेत. बाईंना असले दाखले मुळीच खपायचे नाहीत.

त्यासाठी दोघं एकत्र, डीएनएसकट, स्फटिकात यायला हवे होते. ते येईनात. एक यायचा तर दुसरा सुटायचा. वर्षं गेली. बाईंच्या बरोबरचे लोक सोपी प्रथिनं धरून नाव कमावून बसले. आणि मग एका सकाळी एका खणात, काही मोजक्या थेंबांत, स्फटिक दिसले. लांबट, स्वच्छ, कडा अशा धारदार की बघत राहावं. बाई खुर्चीतून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि पुन्हा बघितलं. होते.

ते उचलायला त्या बसल्या, आणि हात थरथरला.

फार नाही. बारीक, भरभर, छेडलेल्या तारेत उरते तशी थरथर. चिमट्याचं टोक काचेवर टकटक वाजलं. बाईंनी श्वास धरला, मनगट टेकवलं, पुन्हा प्रयत्न केला. फास स्फटिकाला लागला आणि तो मधोमध चिरला. वर्षानुवर्षांची वाट, आणि दोन तुकडे! बाईंनी काच झाकली आणि नुसत्या बसून राहिल्या. त्या घाबरल्या त्या स्फटिकासाठी नव्हे. ती थरथर त्यांनी आधी पाहिली होती.

बाबांच्या हातात.

बाबा घड्याळजी म्हणून नावाजलेले होते. दुकान म्हणजे खिडकीएवढं, पण लांबून लोक यायचे. स्वभाव मऊ, आवाज कधी चढायचा नाही. मग त्यांचा हात थरथरायला लागला. चिमटा उचलला की थरथरायचा, खाली ठेवला की बरा. स्प्रिंगा उडायला लागल्या, गिऱ्हाइकांची घड्याळं बिघडली, लोक कुजबुजायला लागले की घड्याळजी पितात. पाण्याशिवाय काही न पिणारा माणूस! त्यानंतर स्वभाव बदलला. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. एक घड्याळ भिंतीवर फेकलं, एकदा जेवणाचं ताट आईच्या अंगावरून भिरकावलं. आई ओटा पुसत राहिली. दुकान बंद झालं. बाबा पंख्याखाली खुर्चीत बसून असायचे, घामेजलेले, सगळ्या जगावर चिडलेले, आणि एका दुपारी तिथेच गेले. हृदय थांबलं, एवढंच कळलं. आईने त्यांचा फोटो कपाटात कपड्यांखाली ठेवला तो परत काढला नाही.

तर आता बाईंच्या मनाने घेतलं, की तो हात आपल्याकडे आला. हात आला म्हणजे मागोमाग बाकीचंही येणार. ही गोष्ट कुणाला सांगायची? सरांना सांगितलं तर स्फटिक दुसऱ्या कुणाकडे जातील. आईला सांगितलं तर आई खचेल. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. सरांनी विचारलं, "काय, कधी उचलताय?" तर म्हणाल्या, "अजून वाढू द्या." धडधडीत थाप! वाढायचे ते वाढून झाले होते. उलट थेंबातले स्फटिक फार दिवस टिकत नाहीत, कडा झिजायला लागतात. बाई रोज सूक्ष्मदर्शकातून बघायच्या, आणि कडा अजून धारदार आहेत ना एवढं पाहून हात मांडीखाली दाबून बसायच्या.

बाकीही बरंच चाललं होतं, पण त्या सगळ्याला त्यांच्याकडे कारण तयार होतं. वजन उतरलं, तर काळजीने. जेवण दुप्पट झालं, तर काळजीनेच. छाती धडधडते, तर चहा जास्त झाला. झोप नाही, तर वय झालं. सगळे स्वेटर घालून बसलेत आणि ह्या खिडकी उघडतायत, तर वयच! हुशार माणसाजवळ कारणांचा तुटवडा कधी नसतो.

मग एका संध्याकाळी घरी आईने साधं विचारलं, "दूध तापवायला ठेवू का?" तिसऱ्यांदा विचारलं म्हणा. आईला ऐकू कमी येतं, उत्तर कळलं नव्हतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं पातेल्याचं झाकण त्यांनी भिरकावलं. ते आईच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलं, आणि फरशीवर गरगरत राहिलं.

आई ओरडली नाही. ते झाकण उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "अगदी ह्यांच्यावर गेलीस."

बाईंना कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या आईजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आईचे खांदे वर गेलेले होते, कानांपर्यंत, पुढच्या आवाजाची वाट बघत. बाबांच्या वेळी असेच असायचे. म्हातारपणात तरी ते खाली आले होते, आणि आता आपण पुन्हा वर चढवले! दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेल्याच नाहीत. हा हात काय आहे ते एकदा डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या. "काय होतंय?"

"हात थरथरतो. वडिलांचा थरथरायचा. आनुवंशिक आहे, मला माहीत आहे. किती दिवस काम करता येईल, एवढंच सांगा."

"निदान तुम्हीच केलंत? मग मी कशाला बसलेय इथे? हात पुढे करा. बोटं पसरा."

बाईंनी हात पसरले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर साधा कागदाचा ताव ठेवला. कागद पिंपळपानासारखा फडफडायला लागला. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या, मग उठून मागे आल्या, आणि बाईंच्या गळ्यावर बोटं ठेवली. "आवंढा गिळा. पुन्हा. गरम होतं का फार?"

"होतं."

"वजन?"

"उतरलंय."

"भूक?"

"राक्षसासारखी."

"चिडचिड?" बाईंनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, आणि सहज विचारलं, "काम काय करता?"

"प्रथिनांच्या रचनेवर. थायरॉइडचं हॉर्मोन ज्या प्रथिनात बसतं ना..." एवढं बोलून बाई थांबल्या. स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं.

"कसलं हॉर्मोन?"

"थायरॉइडचं," बाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी नाडी सोडली. आधी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की बाहेर बसलेल्या पेशंटने दारातून डोकावून बघितलं. "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! रक्त तपासू, पण पैज लावते मी. ते तुमचं हॉर्मोन तुमच्या अंगात उतू चाललंय."

बाईंनी कपाळावर हात मारला. थरथरता. जे हॉर्मोन प्रथिनाच्या पोटात कुठे बसतं, त्याचे आयोडीनचे तीन अणू कुठल्या भिंतीला टेकतात, हे त्या झोपेत सांगू शकल्या असत्या. आणि इकडे त्यांच्या स्वतःच्या पेशीपेशीत तेच कप्पे भरले होते, तीच दारं लागली होती, आणि बाई म्हणत होत्या, चहा जास्त झाला! त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. गेलेला हात परत मिळणार म्हटल्यावर कोण रडणार नाही?

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रडू दिलं. मग औषधं लिहिताना विचारलं, "वडिलांचं काय म्हणालात? त्यांची तपासणी झाली होती?"

"नाही. दारू पितात म्हणायचे लोक."

"ह्म्." त्यांनी पेन थांबवलं. "हे घराण्यात असतं पुष्कळदा. पण त्यांचं आता कोण सांगणार?"

रक्ताने डॉक्टरीणबाईंना पैज जिंकून दिली. ग्रंथीला आवर घालायची एक गोळी, तिला वेळ लागणार होता. हाताची थरथर आणि छातीची धडधड थांबवायची दुसरी, तिचा गुण लवकर आला. एका सकाळी बाईंनी पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून बघितला. कागद पडून राहिला. त्या तशाच प्रयोगशाळेत गेल्या, बाबांचा चिमटा काढला, काच उलटी केली, आणि उरलेले स्फटिक एकामागून एक उचलून नायट्रोजनमध्ये सोडले. कडा थोड्या झिजल्या होत्या, पण वेळ गेलेली नव्हती. सर मागे उभे होते, श्वास रोखून. बाई वळल्याही नाहीत. "सर, श्वास घ्या. माझ्या थेंबावर नको, तिकडे."

नकाशा आला तेव्हा आयोडीन लखलखत होतं. जड अणू तो, त्याचा ढग दाट असतो, आंधळ्यालाही दिसावा असा. शेपटाने दार लावलेलं. आणि जिथे दोघं बिलगतात त्या सांध्यावर, त्या गप्प जोडीदाराच्या अंगात, एक वळण किंचित सरकलं होतं. त्याचा स्वतःचा कप्पा रिकामा होता. त्याने काही घेतलं नव्हतं, काही केलं नव्हतं. नुसता शेजारी बिलगून होता, तेवढ्यानेच त्याचा आकार बदलला होता. बाई त्या सरकलेल्या वळणाकडे किती वेळ बघत बसल्या, त्यांनाही कळलं नाही. सर "वा, वा" करत होते. बाईंच्या डोळ्यांसमोर आईचे कानांपर्यंत चढलेले खांदे होते.

घरी गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि कपड्यांखालून फोटो काढला. शेवटच्या दिवसांतला. बाबा बारीक झालेले, गळ्याशी सावली, आणि डोळे मोठे, बाहेर आलेले, टक लावून बघणारे. थायरॉइड फार वाढलं की डोळे असे होतात पुष्कळांचे. बाईंची छाती पुन्हा धडधडली, आणि या वेळी गोळी घेतलेली होती. त्या फोटो घेऊन आईसमोर बसल्या आणि तिच्या चांगल्या कानाशी, सावकाश, सगळं सांगितलं. हात का थरथरला, झाकण का भिरकावलं, त्या दिवशी माफी मागायची राहिली तीही मागितली. आणि मग म्हणाल्या, "आई, बाबांनाही हेच झालं असेल. हे डोळे बघ."

आईने फोटो लांब धरून बघितला. "डोळे होय? तो फोटोवाला ओरडला होता ह्यांच्यावर. सारखे मिटतात म्हणून. उघडे ठेवा, मोठे करा, म्हणाला. म्हणून असे आलेत."

घ्या! एकुलता एक पुरावा, आणि तोही आईने फुंकर मारून उडवला. गळ्याची सावली तर दिव्याचीही असेल. राहिला थरथरता हात, घाम, आणि राग. ते काय, दहा आजारांत असतं. आणि कुठलाच आजार नसलेली, नुसती तापट माणसंही जगात ढिगाने असतात.

"पण आजारच होता ना?" आईने विचारलं. फोटोवरची नजर तिने काढली नव्हती.

"तपासणी झाली नाही, आई. खात्री कशी देऊ?"

"ते तुमच्या यंत्रांचं राहू दे. मी तुला विचारतेय."

बाईंनी उभ्या आयुष्यात ढग नसलेल्या जागी एक अणू बसवला नव्हता. सरांना बसवू दिला नव्हता. स्वतःला हवं ते दिसतं, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना हवं होतं. फार, फार हवं होतं. आई खांदे वर करून वाट बघत होती.

"हो," बाई म्हणाल्या. "आजारच होता. बाबा तसे नव्हते."

फोटोच्या काचेवरची धूळ आईने बोटाने पुसली, मग पुसलेली जागाच पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, "आणि मी मेली इतकी वर्षं शोधत बसले, माझं काय चुकलं म्हणून."

बाईंनी तिला जवळ घेतलं. ते खांदे हाताखाली हळूहळू उतरताना त्यांना कळले. थोड्या वेळाने आईने डोळे पुसले, नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रडत काय बसलीस? हातोडी आण. हा काही कपाटात ठेवायचा फोटो नव्हे."

बाई स्टुलावर चढल्या. आईने स्टूल धरलं. बाईंनी दोन बोटांत खिळा धरला आणि ठोकला.